नॅचेझ : नदीकाठचे एक शहर आणि जातीचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या पूर्व तीरावरील सुमारे २०० फूट उंच कड्यावर नॅचेझ हे शहर वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेचौदा हजारांच्या आसपास भरते. म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढीच. परंतु 'जात' या शब्दाच्या आधारे अमेरिकन समाजाचा जो एक प्रसिद्ध अभ्यास झाला, तो याच शहरात. त्यामुळे जातिसंस्थेचा विचार करणाऱ्या वाचकाला या शहराचा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

शहराचे नाव तेथील मूळ रहिवाशांवरून पडले आहे. नॅचेझ हे शेती करणारे व सूर्याची उपासना करणारे लोक होते. त्यांच्या प्रमुखाला 'महासूर्य' म्हणत. अठराव्या शतकातील फ्रेंच लेखकांनी त्यांच्या समाजाचे चार थर नोंदविले आहेत : सूर्यकुलातील लोक, सरदार, प्रतिष्ठित आणि सर्वांत खाली सामान्य जन. या सामान्यांना फ्रेंचांच्या नोंदीत 'दुर्गंधी लोक' अशा अर्थाचे नाव आहे. उच्चनीचतेची ही उतरंड आपल्या परिचयाची आहे. मात्र याच नोंदींनुसार तेथील विवाहाचा नियम अगदी उलट होता. सूर्यकुलातील स्त्रीपुरुषांनी आपसांत विवाह करावयाचा नाही. जोडीदार सामान्यांतूनच निवडावयाचा. कुळ आईकडून चाले आणि महासूर्याचा वारसा त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाई. या वर्णनाच्या तपशिलाविषयी पुढील मानववंशशास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत, हे खरे. तरीही येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सजातीय विवाहाचे बंधन हेच जातीचे सार होय, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले होते. नॅचेझ समाजात विषमता होती, पण वर्णिलेला नियम खरा असेल, तर तिला बंदिस्त करणारी ही कडी नव्हती.

१७१६ मध्ये फ्रेंचांनी या कड्यावर रोझाली नावाचा किल्ला बांधला. जमिनीवरील त्यांचा लोभ वाढत गेला, तेव्हा नोव्हेंबर १७२९ मध्ये नॅचेझांनी उठाव करून दोनशेहून अधिक फ्रेंचांना ठार केले. फ्रेंचांनी त्याचा सूड घेतला. १७३१ मध्ये शेकडो नॅचेझ पकडले गेले आणि कॅरिबियन समुद्रातील सें-दोमिंग, म्हणजे आजचा हैती, येथे गुलाम म्हणून विकले गेले. उरलेले इतर जमातींच्या आश्रयाला गेले. ज्यांच्या नावाने शहर ओळखले जाते, ते लोक त्या भूमीवर उरले नाहीत.

पुढे इंग्रज व स्पॅनिश यांची सत्ता येऊन गेली आणि १७९८ मध्ये अमेरिकेचा अंमल सुरू झाला. १७९३ मध्ये सरकी वेगळी करणारे यंत्र निघाले होते. १८११-१२ च्या हिवाळ्यात मिसिसिपीवर पहिली आगबोट धावली. सुपीक जमीन, यंत्र आणि नदी या तिन्हींच्या योगाने कापसाचे अफाट उत्पादन शक्य झाले. उणीव होती ती राबणाऱ्या हातांची. व्हर्जिनिया व मेरीलँडमधील मळेवाल्यांकडे गुलाम अधिक झाले होते. व्यापाऱ्यांनी त्यांना साखळदंडांत बांधून शेकडो मैल पायी किंवा जहाजांतून दक्षिणेकडे आणले. शहराच्या पूर्वेस रस्ते मिळतात तेथे 'फोर्क्स ऑफ द रोड' नावाचा बाजार भरू लागला. न्यू ऑर्लिन्सनंतर त्या भागातील हाच सर्वांत मोठा गुलामबाजार होय. तेथे लिलाव नसे; दुकानातील मालाप्रमाणे माणसे पाहून, तपासून, घासाघीस करून सौदा ठरे. हा बाजार शहराच्या वेशीबाहेर गेला तो १८३३ मध्ये, आणि तोही पटकीच्या साथीच्या भीतीने. नगराच्या कारभाऱ्यांना संसर्गाची भीती वाटली. विक्रीची लाज वाटली नाही.

या कापसावर कड्यावरील भव्य वाडे उभे राहिले. त्यांतील 'लाँगवुड' हा अष्टकोनी वाडा विशेष बोलका आहे. १८६० मध्ये त्याचे काम सुरू झाले. पुढील वर्षी यादवी युद्ध पेटताच फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर काम टाकून परतले. बत्तीस खोल्यांपैकी तळघरातील नऊच पूर्ण झाल्या. वरचे मजले आजही उघड्या विटा आणि लाकडी सांगाड्यांच्या अवस्थेत आहेत.

मालक आणि गुलाम एवढीच विभागणी मानली, तर या शहराचे स्वरूप पुरतेपणी कळत नाही. विल्यम जॉन्सन १८०९ मध्ये गुलाम म्हणून जन्मला, १८२० मध्ये मुक्त झाला आणि पुढे शहरातील नामांकित न्हावी बनला. १८३५ पासून मृत्यूपर्यंत त्याने रोजनिशी लिहिली. हा कृष्णवर्णीय गृहस्थ स्वतः गुलाम बाळगीत असे. एका गुलामाला विकताना आपले डोळे भरून आले, अशी नोंद त्याने केली आहे; पण विक्री थांबली नाही. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीच्या वादातून त्याचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय होते आणि कृष्णवर्णीयाची साक्ष श्वेतवर्णीयाविरुद्ध ग्राह्य नव्हती. आरोपी कृष्णवर्णीय वंशाचा असल्याचे न्यायालयात सिद्ध करता आले नाही आणि तो सुटला. संपत्ती, प्रतिष्ठा व गुलाम यांपैकी कशानेही जॉन्सनला न्याय मिळवून दिला नाही. श्रेणीबद्ध विषमता पीडितालाही आपल्याहून खालचा कोणी तरी देते आणि त्यायोगे स्वतःला टिकवते, हे बाबासाहेबांचे विश्लेषण येथे पडताळून पाहता येते.

जुलै १८६३ मध्ये संघीय सैन्य शहरात आले. गुलामबाजारातील कोंडवाडे मोडण्यात आले आणि त्यांचे लाकूड सैनिकांच्या बराकींना वापरले गेले. येथे मोठे युद्ध न झाल्याने वाडे मात्र शाबूत राहिले. त्यानंतर अल्पकाळ वेगळे दिवस आले. नॅचेझच्या नगरपालिकेत सदस्य राहिलेले धर्मोपदेशक हायरम रेव्हेल्स १८७० मध्ये अमेरिकन सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. गुलाम म्हणून जन्मलेले आणि या शहरात छायाचित्रणाचा व्यवसाय शिकलेले जॉन लिंच १८७२ मध्ये राज्य विधानसभेचे सभापती झाले. पुढे १८९० च्या राज्यघटनेने मतदानकर व घटनावाचनाच्या परीक्षेद्वारे कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला आणि आंतरवांशिक विवाहास बंदी घातली.

अशा या शहरात १९३३ च्या सुमारास दोन दांपत्ये संशोधनासाठी आली : कृष्णवर्णीय ॲलिसन व एलिझाबेथ डेव्हिस आणि श्वेतवर्णीय बर्ली व मेरी गार्डनर. प्रत्येकाने आपल्या वर्णाच्या समाजात राहून माहिती गोळा केली. सहकारी असूनही त्यांना उघडपणे बरोबरीने बसता येत नव्हते. भेटी गुप्तपणे घ्याव्या लागत. 'डीप साउथ' हा त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नॅचेझला 'ओल्ड सिटी' असे टोपणनाव दिले आहे. वर्ग बदलता येतो, परंतु विवाहबंदीने आखलेली सीमा ओलांडता येत नाही. म्हणून तिला जात म्हटले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये हिंदू जातिसंस्था व अमेरिकन वर्णभेद एक नव्हेत, असा आक्षेप घेतला. धर्माची मान्यता हा दोहोंतील भेद दुर्लक्षिण्याजोगा नाहीच. परंतु विवाहाच्या निकषापुरते पाहिले, तर १९१६ मधील बाबासाहेबांचे विवेचन आणि नॅचेझमधील निरीक्षण एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

शहराच्या स्मृतीचीही दोन रूपे आहेत. १९३२ पासून वाडे पाहण्यासाठी 'पिलग्रिमेज' नावाचा सोहळा सुरू झाला. घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया पाहुण्यांचे स्वागत करीत. २३ एप्रिल १९४० रोजी याच शहरातील एका नृत्यगृहाला आग लागून २०९ कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष मृत्युमुखी पडले. ऑगस्ट १९६५ मध्ये हक्कांच्या चळवळीचे स्थानिक अध्यक्ष जॉर्ज मेटकाफ बॉम्बस्फोटात जखमी झाले. ऑक्टोबरात शेकडो निदर्शकांना पकडून पार्चमनच्या तुरुंगात डांबण्यात आले. तरीही बहिष्कार मोडला नाही आणि वर्षअखेरीस नगरपालिकेला बहुतेक मागण्या मान्य कराव्या लागल्या. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी चळवळीचे खजिनदार व्हार्लेस्ट जॅक्सन यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. कारखान्यात पूर्वी केवळ श्वेतवर्णीयांना मिळणारी बढती त्यांनी स्वीकारली होती. या हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंतरवांशिक विवाहावरील बंदी देशभर रद्द केली.

दीर्घकाळ प्रवाशांना वाडेच दाखविले जात. बाजाराची जागा केवळ एक तिठा होऊन पडली होती. स्थानिक कृष्णवर्णीयांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये 'फोर्क्स ऑफ द रोड'चा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात समावेश झाला. विल्यम जॉन्सनचे घर त्याच उद्यानाचा भाग आहे. कड्यावरचे वाडे ज्यांच्या श्रमावर उभे राहिले, त्यांच्या विक्रीची जागा आता त्या वाड्यांइतक्याच अधिकृतपणे राष्ट्राच्या नोंदीत आली आहे. इतिहासातील अन्यायाची जागा दाखवता येणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. परंतु जी जागा दाखवताच येत नाही, तिच्याविषयी न्याय मागताही येत नाही.