गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट: खिशात हात घालण्याआधी काय तपासायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आपल्या नव्या भागाचं लिखित रूप. या भागात टूल्सची नावं आणि आकडे बरेच आहेत, त्यामुळे पीसीसमोर बसून हे पान मोबाइलवर उघडं ठेवलंत तर जास्त उपयोग होईल.

तर प्रॉब्लेम काय आहे? ब्राउझर, यूट्यूब, कॉलेजचं प्रोजेक्ट, सगळं तासन् तास मस्त चालतं. गेम लावला, मॅच रंगात आली, आणि फटकन स्क्रीन काळी. एरर नाही, काही नाही, थेट मदरबोर्डचा लोगो. दुकानात नेला की पुष्कळदा पहिलंच वाक्य ऐकू येतं, "कार्ड गेलंय." म्हणजे तीस-चाळीस हजारांचा निर्णय, आणि तोही अंदाजाने!

माझं म्हणणं एवढंच आहे की पीसी बंद पडताना काहीतरी पुरावा ठेवून जातो. आधी तो पुरावा बघायचा, मग एका वेळी एकच बदल करायचा, आणि पैसे सगळ्यात शेवटी काढायचे.

पडतो, पण नेमका कसा?

"क्रॅश होतो" या एका शब्दात चार वेगळे आजार लपलेले असतात.

एक, गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो. इथे आधी गेमच्या फाइल्स, ड्रायव्हर किंवा रॅमवर संशय घ्या.

दोन, निळी स्क्रीन येते. विंडोजला काहीतरी चुकल्याचं कळलंय आणि त्याने कोड दिलाय. तो कोड म्हणजे सोनं, फोटो काढून ठेवा.

तीन, स्क्रीन काळी, कार्डचे पंखे जोरात, पण मित्रांचा आवाज हेडफोनमध्ये चालूच. इथे संशय कार्डवर, त्याच्या ड्रायव्हरवर किंवा कार्डला जाणाऱ्या वीजेच्या केबलवर.

चार, एका क्षणात सगळं गप्प आणि रीस्टार्ट. किंवा पूर्ण बंद, आणि एसएमपीएसचं मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय जागाच होत नाही. हा चौथा प्रकार बहुतेक वेळा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतो.

विंडोजची नोंदवही

पहिलं काम फुकटातलं. विंडोजच्या सर्चमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज शोधा, स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ची टिक काढा. आता निळी स्क्रीन येत असेल तर ती पळून जाणार नाही. टिक काढूनही पीसी थेट रीस्टार्ट झाला, तर विंडोजला बोलायलाही वेळ मिळाला नाही, असं समजायचं.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसेल. बरेच जण ती बघून म्हणतात, "सापडलं, पॉवरचा प्रॉब्लेम!" थांबा. ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. गेम चालू असताना कुणी पिन उपटली तरी हीच नोंद येते. तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' बघा. तो शून्य असेल, तर निळ्या स्क्रीनची नोंदच झालेली नाही. आजूबाजूला 'डब्ल्यूएचईए-लॉगर' च्या नोंदी दिसल्या, तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डकडून हार्डवेअरची तक्रार आलेली आहे.

उष्णता: शंका लगेच फिटते

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट टूल टाका आणि त्याचं लॉगिंग चालू करून गेम खेळा. ते दर काही सेकंदांनी तापमान फाइलमध्ये लिहीत जातं. पीसी पडला की फाइलची शेवटची ओळ बघायची. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालायच्या हिशेबानेच बनवलेत. म्हणजे गरम झाला की तो आधी हळू होतो, लगेच मरत नाही. पण कूलर सैल असेल किंवा त्याचा पंप बंद पडला असेल, तर मात्र थेट बंद होऊ शकतो.

शेवटच्या ओळीत ७०-७५ अंश असतील, तर उष्णतेचा विषय जवळजवळ संपला. जास्त असतील तर ब्लोअरने धूळ काढा (पंख्याची पाती बोटाने धरून), थर्मल पेस्ट बदला, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये तर नकोच नको.

रॅम आणि बायोस

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर काही दिवस बंद करा. हे ओव्हरक्लॉकच आहे, फक्त त्याला गोड नाव दिलंय. क्रॅश थांबले तर रॅमचा वेग दोषी. मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. सकाळी एक जरी एरर दिसली, तरी ती सोडून द्यायची नाही.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर बायोस अपडेट कराच. या पिढ्यांमधल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड दिला आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, आधीच झालेलं भरून येत नाही. अशा वेळी वॉरंटीच मागायची.

एसएमपीएस: खरी गंमत इथे

सोसायटीत सकाळी सगळे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावरचा शॉवर बारीक होतो ना? ग्राफिक्स कार्ड तेच करतं. आरटीएक्स ३०८० कार्डची अधिकृत खपत ३२० वॉट. पण ही झाली सरासरी. काही मिलिसेकंदांसाठी ते याच्या बरंच वर उडी मारतं. तुमच्या स्क्रीनवरच्या आकड्यात ती उडी दिसतसुद्धा नाही. एसएमपीएसला मात्र ती दिसते, आणि त्याचं संरक्षण "नको रे बाबा" म्हणून सगळं बंद करतं. म्हणूनच एनव्हिडियाने त्या कार्डसाठी ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवला होता. पुढे २०२२ मध्ये एटीएक्स ३.० मानक आलं. त्यात मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा ठेवली गेली.

आणि हो, '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो. उडी सोसेल की नाही, ते सांगत नाही.

हे घरी कसं तपासायचं? माझ्या मावसभावाच्या पीसीवर आम्ही केलं ते सांगते. सिनेबेंच अर्धा तास, काही नाही. फरमार्क दहा मिनिटं, तरीही काही नाही. पण गेममध्ये वीस मिनिटांत रीस्टार्ट! कारण फरमार्कचा भार जड असला तरी एकसारखा असतो, गेमचा मात्र वर-खाली उड्या मारतो.

मग एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली आणि एफपीएस ६० वर बांधले. तीन तास एकही रीस्टार्ट नाही. म्हणजे भार आणि रीस्टार्टचा संबंध पक्का झाला. पण दोषी कार्ड की एसएमपीएस, हे अजून ठरलेलं नव्हतं.

लिमिट परत १०० वर नेली आणि केबल बघितली. कार्डला ८ पिनांची दोन सॉकेट होती, आणि दोन्हींत एकाच केबलची दोन तोंडं लावलेली. एका ८ पिन जोडणीचं मानक १५० वॉटचं, म्हणून जड कार्डला दोन वेगळ्या केबल द्याव्यात. त्या दिल्या. रीस्टार्ट उशिरा यायला लागला, पण थांबला नाही. शेवटी मित्राचा ८५० वॉटचा एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणला, आणि प्रॉब्लेम गायब. जुना एसएमपीएस आधीच्या पीसीतून काढलेला, सात वर्षं वापरलेला होता. नवीन घेतला. कार्ड तेच आहे, आजही चालतंय.

इथे दोन गोष्टी पाठ करा. मॉड्युलर एसएमपीएस उसना आणलात तर त्याच्याच केबल वापरायच्या. तोंड सारखं दिसलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना वेगळी असू शकते, आणि ड्राइव्ह किंवा मदरबोर्ड जळू शकतो. आणि एसएमपीएस स्वतः कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.

भिंतीतली वीजही तपासा

बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटच देतो. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर गेले, की यूपीएसच हात टेकतो आणि शिव्या कार्डला बसतात. एक संध्याकाळ यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावून बघा. दुसऱ्या खोलीत किंवा मित्राच्या घरी तोच पीसी व्यवस्थित चालला, तर दोष घरच्या लाइनमध्ये असण्याची शक्यता मोठी. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर गेम राहू दे, आधी इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासून घ्या.

हे सगळं करताना कागदावर लिहीत जा: तारीख, काय बदललं, किती वेळ चाललं, शेवटचं तापमान किती. तो कागद, बगचेककोड आणि लॉग घेऊन दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला गेलात, की "कार्ड गेलंय" म्हणणाऱ्यालाही आधी तुमचं ऐकावं लागतं. वॉरंटीचं भांडण असेल तर हाच कागद कामाला येतो.

तुमचा पीसी चारपैकी कुठल्या प्रकाराने पडतो, ते आम्हाला व्हॉइस मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर गेम सेव्ह करत राहा!