विठ्ठलवाडीचं पाणी पंढरपूरला जातं

हेडफोन लावून बसमध्ये असाल किंवा ओट्याशी भांडी घासत असाल, आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. भांडी घासणाऱ्यांसाठी तर जरा जास्तच. का ते पुढे कळेल.

मी पुण्यात वाढलो. मुठा नदी रोज पुलावरून बघितली, नाक दाबून. तिच्या काठावर उतरलो मात्र अगदी अलीकडे, एका रविवारी सकाळी, विठ्ठलवाडीला. ‘जीवितनदी’ नावाचा पुण्यातल्या नागरिकांचा एक गट आहे. ते लोकांना नदीकाठी फिरायला नेतात. मला वाटलं, हातमोजे घालून कचरा उचलायला लावतील. पण आधी त्यांनी नुसतं उभं राहायला सांगितलं. बघा, ऐका. पाच मिनिटांत खंड्या दिसला, वंचक दिसला, लांब गुलाबी पायांचे शेकाटे दिसले. मी खूश! तेवढ्यात कळलं की शेकाट्या घाण पाण्यातही मजेत राहतो. म्हणजे तो दिसला म्हणून नदी बरी आहे असं नाही.

मग नदी आजारी कशाने पडते? सोपं करून सांगतो. मुठेवर खडकवासल्याला धरण आहे. तिथलं पाणी कालव्यातून आणि नळांतून शहराकडे, शेतीकडे जातं. पावसाळा सोडला तर धरणाखाली नदीला स्वतःचं पाणी फारसं उरतंच नाही. पात्रात जे वाहताना दिसतं, त्यात मोठा वाटा आपल्या सांडपाण्याचा. या सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मासे जगायला लिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. घाण जास्त झाली की तो संपतो, आणि मासे जातात. त्यातच साबण-पावडरींमधलं फॉस्फेट म्हणजे जलपर्णीला फुकटचं खत. जलपर्णीची चादर पसरली की उजेड अडतो, आणि उरलासुरला प्राणवायूही जातो.

म्हणूनच हा गट घरापासून सुरुवात करायला सांगतो. रसायनं कमीत कमी वापरा, रिठा-शिकेकाईसारखे पर्याय वापरून बघा. मला आधी हे फारच किरकोळ वाटलं. एका घराच्या रिठ्याने काय होणार? पण मैलाशुद्धीकरण केंद्र काही जादूची पेटी नाही. तिथेही घाण खायचं काम जिवाणूच करतात. आपण मोरीत जंतुनाशकं ओतत राहिलो तर त्या बिचाऱ्यांनाच मारतो. अर्थात, घरच्या रिठ्याने महापालिकेची जबाबदारी संपत नाही. दोन्ही हवं.

त्यांचा दुसरा उपक्रम मला जास्त आवडला: ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’. सगळी नदी वाचवायची म्हटलं की आपण घाबरून घरीच बसतो. त्यापेक्षा काठाचा एक तुकडा घ्या आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. कचरा उचला, झाडं ओळखा, पक्षी मोजा. रोज भेटणाऱ्या माणसाचा चेहरा उतरला की आपल्याला लगेच कळतं ना? तसंच. एखाद्या रात्री कुणी तिथे राडारोडा टाकला, तर सकाळी ते कुणाच्या तरी लक्षात येतं.

आणि राडारोडा ही साधी गोष्ट नाही. पूर आल्यावर नदीला पसरायला जागा लागते. भराव टाकून पात्र अरुंद केलं तर पाणी वर चढतं, घरांत शिरतं. २५ जुलै २०२४ आठवतोय? खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. विठ्ठलवाडीच्या जवळच आहे ती. तेव्हा काठ मोकळा ठेवायचा की भिंतीत बांधायचा, हा प्रश्न फक्त पक्षीप्रेमींचा नाही. खाली पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

निघताना आम्ही देवळापाशी थांबलो. तिथे एक आजी म्हणाल्या, “हेच पाणी जातं बघा पंढरपूरला.” मी घरी येऊन नकाशा उघडला. खरंच की! मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीच्या धरणात. तिथून सोलापूर शहर पाणी पितं. आणि पुढे तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. वारकरी जिथे स्नान करतात, तिथे माझ्या मोरीतला फेस कुठल्या ना कुठल्या रूपात पोचतोच. त्या दिवसापासून पुलावर नाक दाबताना जरा लाज वाटते.

तर एक काम सांगतो. तुमच्या गावात जी नदी, ओढा, नाला असेल, तिथली एक जागा ठरवा. महिन्यातून एकदा जा, त्याच जागेवरून फोनवर एक फोटो काढा. वर्षभराने बारा फोटो शेजारी ठेवा. पाणी कधी आटलं, जलपर्णी कधी आली, भराव कधी पडला, सगळं दिसेल. तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा. आणि हो, येताना चहा घ्या, पण प्लॅस्टिकचा कप काठावर टाकू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर एकदा तरी पुलावरून खाली उतरा!