ग्रुपमध्ये धिंगाणा घालणाऱ्याला आवरायचं कसं? अ‍ॅडमिनवर केस होते का?

मारेगाव : तालुक्यातल्या गावागावात आता ग्रामपंचायतीचा, शाळेचा, बचत गटाचा, कापसाच्या भावाचा असे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले आहेत. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये त्रास देणारे असतात एक-दोघंच. कोणी रात्री शिव्या टाकतो, कोणी जातीवरून टोमणे मारतो, कोणी खात्री न करता काहीही पुढे ढकलतो. मग कामाची माणसं ग्रुप सोडून जातात आणि बोट दाखवलं जातं अ‍ॅडमिनकडे. अ‍ॅडमिनला वेगळीच धास्ती, 'केस माह्यावरच तं नाही होणार?'

याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलं आहे. यवतमाळ जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. ग्रुपमधल्या एका सदस्याने महिलेबद्दल घाण भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सदस्य काय टाकणार हे अ‍ॅडमिनला आधी कळत नाही, तो ते अडवूही शकत नाही. दोघांचं आधीच संगनमत असेल तरच अ‍ॅडमिन दोषी ठरतो, असं न्यायालयाने सांगितलं.

म्हणजे अ‍ॅडमिनने हातावर हात ठेवून बसावं का? नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. असा मेसेज पहिल्या पाच मिनिटांत कोणी थांबवला, तर जीव वाचू शकतो.

मग अ‍ॅडमिनने काय करावं?

नियम आधी लिहा : ग्रुप कशासाठी आहे आणि काय चालणार नाही, हे चार ओळींत ग्रुपच्या माहितीत टाका. नियम सर्वांना सारखा. सरपंचाचा भाऊ असो की आपला मेहुणा.

आधी एकट्याला सांगा : चारचौघांत झापलं की माणूस जास्त पेटतो. फोन करा, नाहीतर पारावर गाठून बोला. 'भाऊ, तो मेसेज काढून टाक' एवढ्यावर पुष्कळदा काम भागतं.

मेसेज काढा : अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी डिलीट करता येतो. मात्र धमकी, महिलेबद्दल घाण मजकूर किंवा जाती-धर्माचा भडका असेल, तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोलिसांत जायची वेळ आली तर तोच कामी येतो.

ग्रुप थोडा वेळ बंद ठेवा : वाद पेटला तर सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकतील असं करा. रात्र गेली की डोकी थंड होतात.

शेवटी काढा : दोनदा सांगूनही ऐकत नसेल तर काढा. कारण ग्रुपवर एका ओळीत सांगा, त्याची बदनामी करू नका. फसवणुकीची लिंक किंवा एपीके फाईल टाकणाऱ्या अनोळखी नंबरला मात्र लगेच काढा. कोणाचे पैसे गेले असतील तर तातडीने १९३० वर फोन करा.

अ‍ॅडमिन एकटा नको. दोन-तीन ठेवा, त्यात एक महिला असावी. बाईला त्रास झाला तर ती तिच्याजवळ मोकळेपणाने सांगू शकेल. निर्णय तिघांचा असला की एकावर राग राहत नाही.

आणि काढलेल्या माणसासाठी दार कायमचं लावू नका. महिन्याभराने नियम मान्य असतील तर परत घ्या. ग्रुपमधून माणूस एका बटणाने जातो, पण उद्या विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत तोच शेजारी बसणार आहे.