पासवर काय लिहिलंय?

दोस्तांनो, समजा तुम्ही भाईंदरच्या जेसल पार्कात राहता आणि बाबांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आहे चर्चगेटला. लोकल न पकडता, घरबसल्या तो चालवता आला तर? येतो की! यालाच म्हणतात 'रिमोट लॉगिन', म्हणजे दुरून प्रवेश.

पूर्वी त्यासाठी 'टेलनेट' वापरत. पण त्यात पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडाच जाई. वाटेत कुणीही वाचावा! १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. तेव्हा तिथल्या तातू यूलोनेन यांनी सगळी माहिती सांकेतिक करून पाठवणारा 'एसएसएच' हा प्रोग्राम लिहिला आणि जुलैत सर्वांना फुकट देऊन टाकला. वर्षअखेरीस ५० देशांतले सुमारे २०,००० लोक तो वापरत होते!

खरी गंमत पुढेच आहे. त्याच डिसेंबरात यूलोनेन यांनी कंपनी काढली आणि नव्या आवृत्त्यांचा परवाना हळूहळू कडक होत गेला. परवाना म्हणजे काय? तुमचा रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी पास आठवा. तो घेऊन बाबा कामावर निघाले, तर टी.सी. पकडणारच. तसंच इथं झालं. शिकण्यासाठी वापरा, हरकत नाही. धंद्यासाठी हवा तर पैसे मोजा. 'एसएसएच-२' ही दुसरी पिढी जास्त सुरक्षित होती, पण तिच्यावरची बंधनंही जास्त. मग निवडायचं काय, सुरक्षितता की मोकळीक?

१९९९ साली स्वीडनच्या ब्यॉर्न ग्रनवॉल यांनी चक्क मागं वळून पाहिलं. १.२.१२ या जुन्या आवृत्तीच्या परवान्यात कुठल्याही कामासाठी वापराची मुभा होती. नवा परवाना कडक झाला, तरी जुन्या आवृत्तीला दिलेली परवानगी तशीच होती! त्यांनी तिच्यातल्या चुका दुरुस्त केल्या. त्यावरूनच 'ओपनबीएसडी'च्या मंडळींनी 'ओपनएसएसएच' तयार केला. १ डिसेंबर १९९९ रोजी तो बाहेर आला. २००० च्या जूनपर्यंत तो दुसऱ्या पिढीची पद्धतही शिकला. सुरक्षितता आणि मोकळीक, दोन्ही एकत्र! आज तो लिनक्स, मॅक आणि विंडोज, सगळीकडे चालतो. पहिल्या पिढीची कमकुवत पद्धत मात्र त्याने २०१७ साली पार काढून टाकली.

तेव्हा एखादा प्रोग्राम घेताना 'फुकट आहे' एवढ्यावर भुलू नका. घरी अभ्यासाला चालणारी आवृत्ती बाबांच्या ऑफिसात चालेलच असं नाही. तीन प्रश्न विचारा: कोणत्या कामासाठी वापरता येईल? मित्राला देता येईल का? त्यात बदल करता येतील का? उत्तरं परवान्यातच असतात. आपण तो न वाचताच 'मान्य आहे' म्हणून मोकळे होतो!

मग, पुढच्या वेळी पास नीट वाचूनच गाडीत चढणार ना?