लक्ष्मीबाई टिळक : नगरची श्रद्धा आणि ओवी

सतराव्या शतकातली अमेरिकेतली प्युरिटन कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट 1666 मध्ये घर जळाल्यावर कविता लिहिते. त्यात जळालेल्या वस्तूंचा शोकही आहे आणि देवाच्या इच्छेचा स्वीकारही. त्याच प्युरिटन परंपरेतून पुढे आलेल्या काँग्रिगेशनल पंथाने अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशन चालवले. या वातावरणात लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) ख्रिस्ती कवयित्री म्हणून घडल्या.

शाळा नाही, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून. 1895 मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंना लहान मुलाला घेऊन काही वर्षे वेगळे राहावे लागले. नंतर त्या नगरला आल्या आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. विरहाची ती वर्षे, सोवळे-ओवळे सुटतानाची घालमेल ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात विलक्षण मोकळेपणाने येते. श्रद्धा नवऱ्यामागून आली खरी, पण मनाची झटापट त्यांची स्वतःची होती.

1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे येशूच्या जीवनावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ जेमतेम दहा अध्यायांपुढे सरकले होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. छंद ओवीचा : तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ज्ञानेश्वरांनी याच नगर जिल्ह्यात, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती ओवीतच, आणि जात्यावरच्या बायकाही ओवीच गात. येशूची कथा अशी घरच्या भाषेत आली. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला. 1938 मध्ये ग्रंथ छापून निघाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.