दम लागतोय? मग हळू पळा!

ऑफिसच्या पॅन्ट्रीत हातात समोसा असताना मी ‘हो’ म्हणून बसले. (माझे सगळे चुकीचे ‘हो’ तिथलेच!) डिसेंबरमध्ये कंपन्यांची ६ किलोमीटरची क्रॉस कंट्री होती आणि आमच्या टीमला चौथा मेंबर हवा होता. ‘तू फक्त नाव दे गं,’ असं म्हणाले सगळे.

घरी येऊन नियम वाचले आणि धाबं दणाणलं. क्रॉस कंट्रीत टीमचा स्कोअर म्हणजे प्रत्येकाच्या नंबराची बेरीज. पाचवा आला तर पाच, साठावा आला तर साठ. ज्यांची बेरीज कमी, ते पुढे. आमच्या स्पर्धेत चौघांचेही नंबर धरणार होते. म्हणजे मी मध्येच बसले, तर टीमच बाद! १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भर उन्हात हेच झालं होतं. ३८ जण धावले, १५ जणांनीच रेस पूर्ण केली आणि टीम म्हणून उरले फक्त तीन देश. त्यानंतर क्रॉस कंट्री ऑलिम्पिकमधून गेली ती गेलीच. हे वाचून धीर आला असं मुळीच नाही.

तेव्हा जुलै चालू होता आणि मी चौथ्या मजल्यावर लिफ्टनेच जाणारी मुलगी होते.

पहिल्या रविवारी बाबांबरोबर वेताळ टेकडीवर गेले. बाबा रिटायर झाल्यापासून रोज तिथे चालतात. मी जोशात त्यांना मागे टाकून सुसाट सुटले आणि तिसऱ्या मिनिटाला एका दगडावर बसले. छातीत भाता, डोळ्यांपुढे काजवे. थोड्या वेळाने बाबा मित्रांशी पेन्शनवर गप्पा मारत आले आणि मला ओलांडून पुढे गेले. जाता जाता म्हणाले, ‘‘अगं, पळत होतीस की कुणी मागे लागलं होतं? बोलता आलं पाहिजे!’’

राग आला, पण सगळं ट्रेनिंग त्या एका वाक्यात होतं. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर तुमचा स्पीड जास्त आहे. न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड तर ८०० मीटरवाल्या पीटर स्नेललासुद्धा चढउताराच्या रस्त्यावर २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर पळवायचे. स्नेलने १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गोल्ड मिळवलं. सावकाश, जास्त वेळ पळण्याने स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, प्राणवायू वापरणारी पेशींमधली यंत्रणा वाढते. दम म्हणतात तो हाच.

मग सुरुवात केली एक मिनिट पळणे, दोन मिनिटं चालणे अशी. एकूण २४ मिनिटं, आठवड्यातून तीनदा. इतकं हळू, की फिरायला आलेल्या आजी माझ्याकडे दयेने बघायच्या. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण ऑगस्टअखेर सलग २० मिनिटं पळाले आणि वर गप्पाही मारल्या. बाबांशी, पेन्शनवर!

इथे मी माती खाल्ली. दम आलाय म्हटल्यावर एका आठवड्यात ९ किलोमीटरचे १८ केले. चौथ्या दिवशी नडगी अशी ठणकायला लागली की जिना उतरवेना. फिजिओने सांगितलं, हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना आणि स्नायूबंधांना महिने लागतात. इंजिन नवीन, चेसिस जुनी! दोन आठवडे धावणं बंद. त्या काळात टीमच्या ग्रुपवर ‘दुसरं कुणीतरी शोधा’ असा मेसेज मी तीनदा टाइप केला आणि तीनदा डिलीट केला.

ऑक्टोबरपासून शहाणी झाले. रविवारचं लांब पळणं एकेक किलोमीटरने वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. रात्री अकरानंतर क्लायंटचा कॉल असेल, तर सकाळी सरळ झोपायचं.

आणि टेकडी! क्रॉस कंट्रीला रस्ता नसतो. मुरूम, गवत, दगड, चिखल असतो. तिथे घड्याळातला स्पीड बघणं म्हणजे स्वतःचा छळ. चढावर पावलं छोटी करायची, श्वास सपाटीवर होता तसाच ठेवायचा, फारच उभा चढ असेल तर खुशाल चालायचं. खरी फजिती उतारावर होते. दर पावलाला मांड्या ब्रेक लावत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीत बसताना ‘आई गं’ निघतं. मुरमावरून उतरायला मी तळाला खोल खाचा असलेले बूट घेतले. या सगळ्या प्रकारातला तेवढाच खर्च मला पटला.

रेसच्या दिवशी पहिल्या किलोमीटरला जवळजवळ सगळे माझ्या पुढे गेले. जाऊ दिले. चौथ्या किलोमीटरच्या चढावर त्यातले बरेच जण कमरेवर हात ठेवून उभे दिसले. मी तिथे ४० पावलं चालले, मोजून, आणि पुन्हा पळायला लागले.

माझा नंबर एकाहत्तरावा. बेरीज झाली, टीम अकरावी आली. बाबा फिनिशलाच उभे होते.

‘‘काय, बोलता येतंय ना?’’

शेवटचे ३०० मीटर मी जीव तोडून पळाले होते. मानेनेच ‘नाही’ म्हटलं.