हलक्या लिनक्स डेस्कटॉपवर एक्स११ अजून का टिकून आहे?

जुन्या संगणकावर एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई बसवले की चित्र पडद्यावर आणण्याचे काम बहुधा एक्स११ करत असते. एक्स विंडो सिस्टीमचा जन्म एमआयटीमध्ये १९८४ साली झाला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तिची जागा घेण्यासाठी वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले. नोमने तर २०२५ मधील ४९व्या आवृत्तीत एक्स११चे सेशन मुळातच बंद ठेवले. मग हलके डेस्कटॉप मागे का राहिले?

विद्यार्थ्यांचे ठरलेले उत्तर असते: एक्स११ हलके, वेलँड जड. हे उत्तर बरोबर नाही. रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्व मॉडेल्ससाठी वेलँडवरचा लॅबडब्ल्यूसी हा कंपोझिटर स्वीकारला. पायपेक्षा हलके यंत्र आपल्या प्रयोगशाळेत क्वचितच असेल.

खरे कारण रचनेत आहे. एक्स११मध्ये एक्स सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि पॅनेल या वेगवेगळ्या प्रोसेस असतात. (येथे ‘सर्व्हर’ म्हणजे तुमच्या समोरचा पडदा-कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम, ॲप्लिकेशन हे क्लायंट. परीक्षेत हे हमखास उलटे लिहिले जाते.) ओपनबॉक्ससारख्या विंडो मॅनेजरला ग्राफिक्स कार्ड किंवा माऊसशी थेट बोलावे लागत नाही. खिडकी कुठे ठेवायची, तिला चौकट कशी द्यायची, एवढेच तो पाहतो. तो कोसळला तरी खिडक्या जिवंत राहतात; तो पुन्हा सुरू केला की काम पुढे चालू.

वेलँडमध्ये सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि कंपोझिटर हे तिन्ही एकाच प्रोग्राममध्ये येतात. तो कोसळला तर सहसा उघडी ॲप्लिकेशनेही जातात. म्हणजे एक्सएफसीईला आपल्या एक्सएफडब्ल्यूएम४ या विंडो मॅनेजरच्या जागी जवळजवळ नवा प्रोग्राम लिहावा लागतो. डब्ल्यूएलरूट्ससारखी लायब्ररी बराच भार उचलते, पण मोजक्या स्वयंसेवकांच्या गटाला उरलेले कामही वर्षानुवर्षे पुरते. डिसेंबर २०२४च्या एक्सएफसीई ४.२०मध्ये वेलँडचा आधार प्रायोगिक स्वरूपात आला, तोही लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर उसना घेऊन. एलएक्सक्यूटीनेही स्वतःचा कंपोझिटर लिहिण्याऐवजी इतरांचे वापरायचे ठरवले. माझ्या मते छोट्या गटासाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

काही जण एक्स११ सोडत नाहीत ते सोयीसाठी. एसएसएचमधून दूरच्या मशीनवरच्या प्रोग्रामची एकच खिडकी आपल्याकडे उघडणे तिथे सहज जमते. वेलँडवर त्यासाठी वेपाइपसारखे वेगळे साधन लागते.

या सोयीची किंमत मात्र मोठी आहे. एक्स११मध्ये एका सेशनमधले क्लायंट एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नसतात. कोणताही साधा प्रोग्राम, रूटचे अधिकार नसताना, दुसऱ्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतो. ज्या संगणकावर अनोळखी ठिकाणचे प्रोग्राम चालवले जातात, तिथे ही बाब क्षुल्लक नाही.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एक्सआइज हा जुना प्रोग्राम चालवा. एक्स११वर त्यातले डोळे पडद्यावर कुठेही फिरणाऱ्या कर्सरचा पाठलाग करतात. वेलँडवर तोच प्रोग्राम एक्सवेलँड या मधल्या थरातून चालतो. तिथे कर्सर वेलँडच्या मूळ खिडकीवर गेला की डोळे जागीच थांबतात, कारण कर्सर कुठे आहे हे त्या थराला कळवलेच जात नाही.